बॅझिल्डन पार्क: बंगालच्या पैशातून उभं राहिलेलं घर आणि त्याचे धनी

पागोळी | शनिवार, सकाळी १०:१२

मंडळी, नमस्कार.

मी बर्कशायरमध्ये, रीडिंगला राहते. इथून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर थेम्सच्या खोऱ्यावर नजर ठेवून एक मोठं फिकट पिवळसर दगडाचं घर उभं आहे: बॅझिल्डन पार्क. गेल्या उन्हाळ्यात आई आली होती, तेव्हा तिला ते दाखवायला नेलं. सगळ्या खोल्या बघून झाल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "पण हे घर नक्की कुणाचं गं?" मला एका वाक्यात सांगता आलं नाही. परत आल्यावर जे जे मिळेल ते वाचत गेले. आईला सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

गोष्ट बर्कशायरमध्ये सुरूच होत नाही. ती सुरू होते बंगालमध्ये, मुर्शिदाबादच्या शेजारच्या कासिमबाजारात. रेशमाची मोठी पेठ होती ती. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती आणि त्या वखारीत फ्रान्सिस साइक्स नावाचा यॉर्कशायरमधल्या साध्या शेतकरी घराण्यातला तरुण कामाला होता. वॉरन हेस्टिंग्जही त्याच वखारीत होता. दोघांची दोस्ती पुढे जन्मभर टिकली. प्लासीनंतर साइक्स पैसे गाठीला बांधून इंग्लंडला परतला, आपल्या यॉर्कशायरमध्ये त्यानं जमीन घेतली, आणि क्लाइव्हबरोबर पुन्हा बंगालला आला.

ही दुसरी फेरी महत्त्वाची. १७६५ मध्ये कंपनीला दिवाणी मिळाली, म्हणजे बंगाल, बिहार आणि ओरिसाचा महसूल वसूल करायचा हक्क. नवाबाच्या दरबारात कंपनीचा माणूस म्हणून साइक्स बसला. महसुलाच्या वहीवर त्याची नजर, आणि त्याच वेळी स्वतःचा खाजगी व्यापारही चालू: लाकूड, सोरा, रेशीम. जमीनदारांवर 'मथोट' नावाची जादा पट्टी बसवून ती वसूल केल्याचा आरोप त्याच्यावर झाला. ही तर इथली जुनीच रीत आहे, असं त्याचं म्हणणं होतं. १७६९ च्या सुरुवातीला तो बंगाल सोडून निघाला. त्याच सुमारास पाऊस दगावला आणि बंगालचा तो भयंकर दुष्काळ पडला. तिसरा हिस्सा माणसं गेली, असं हेस्टिंग्जनंच १७७२ मध्ये कळवलेलं आहे.

१७७१ मध्ये साइक्सनं बॅझिल्डनची जहागीर विकत घेतली. बंगालहून गबर होऊन आलेल्या अशा लोकांना इंग्लंडमध्ये 'नबाब' म्हणत, आणि त्या म्हणण्यात मान नसायचा. आजूबाजूला असे इतके नबाब येऊन राहिले की लोक बर्कशायरला इंग्लंडमधलं हिंदुस्थान म्हणू लागले. पुढे बंगालच्या कारभारावरून खटला चालू असताना हेस्टिंग्जसुद्धा जवळच्याच पर्ली हॉलमध्ये भाड्यानं राहिला.

१७७६ मध्ये बांधकाम सुरू झालं. साइक्सनं वास्तुकार आणला तो आपल्याकडचाच, यॉर्कचा जॉन कार. या कारची बहुतेक कामं उत्तरेत आहेत, हेअरवुड हाऊस त्याचंच. दक्षिणेत इतक्या खाली त्यानं बांधलेलं घर म्हणजे नवलच. मधे मुख्य इमारत, दोन्ही बाजूंना जोडलेल्या दोन छोट्या इमारती, आणि मागच्या बाजूला नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून एक अष्टकोनी दिवाणखाना. बाहेरून बघितलं तर वाटतं, पैशाला काही तोटा नव्हता.

पण तोटा होता. १७७४ ची शॅफ्ट्सबरीची पार्लमेंटची निवडणूक साइक्सनं मतं विकत घेऊन जिंकली. ती रद्द झाली, आणि पडलेल्या उमेदवारानं त्याच्यावर दावा लावला. १७७६ मध्ये, म्हणजे घराचा पाया घातला त्याच वर्षी, त्याला ११,००० पौंड भरावे लागले. भारतातल्या कारभाराच्या चौकशाही मागे होत्याच. 'घर पाहावं बांधून' असं आपण म्हणतो. साइक्सला १७८१ मध्ये बॅरोनेटचा किताब मिळाला, बाहेरचं बांधकाम उभं राहिलं, पण आतलं काम पुरं झालंच नाही. १८०४ मध्ये तो वारला, तेव्हा त्या सुंदर अष्टकोनी खोलीसकट घराचा बराच भाग तसाच कच्चा होता.

पुढचं प्रकरण दुःखाचं आहे. मुलगा वर्षभरसुद्धा धनी राहिला नाही, तोही १८०४ मध्येच गेला. घर आलं पाच वर्षांच्या नातवाकडे, तेही कर्जासकट. तो मोठा झाला, लग्न झालं. त्याची बायको हेन्रिएटा आणि तरुण डिझरायली यांचं प्रेमप्रकरण लंडनभर गाजलं. हा तोच डिझरायली, ज्यानं पंतप्रधान झाल्यावर १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी करणारा कायदा आणला. घर विकायला काढलं १८२९ च्या सुमारास. साइक्स एक लाख पौंडांवर अडून बसला आणि गिऱ्हाईक मिळेना. शेवटी १८३८ मध्ये ९७,००० पौंडांना सौदा झाला.

घेणारा होता जेम्स मॉरिसन. हॅम्पशायरमधल्या एका खानावळवाल्याचा मुलगा. लंडनला कापड, फिती, बटणं विकणाऱ्या पेढीत नोकरीला लागला, मालकाच्या मुलीशी लग्न केलं, आणि पेढी अशी वाढवली की देशातल्या सगळ्यात श्रीमंत व्यापाऱ्यांत त्याची गणना होऊ लागली. थोडा नफा आणि झटपट उलाढाल हे त्याचं सूत्र. राणी कॅरोलाइन आजारी पडल्याचं कळताच त्यानं बाजारातलं सुतकाचं काळं क्रेप कापड आधीच उचलून ठेवलं होतं, असंही सांगतात. मॉरिसननं घर पुरं केलं. अष्टकोनी खोलीला छत मिळालं, भिंतींवर मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं लागली. म्हणजे पायापासून मोजलं तर साठएक वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच धन्याच्या हातून, हे घर पहिल्यांदा घरासारखं झालं.

त्याचा अविवाहित मुलगा चार्ल्स १९०९ मध्ये वारला, मुलगी एलन १९१० मध्ये. मग पुतण्या. पहिल्या महायुद्धात इथे जखमी सैनिक बरे व्हायला येत. आणि १९२९ मध्ये सगळं विकलं गेलं.

इथे थांबते. यानंतरचे दिवस सर्वांत वाईट, ते उद्या लिहीन.

---

कोकणकडा | शनिवार, दुपारी १:४०

फार छान, पागोळी. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. सुतकाच्या कापडावर उभी राहिलेली श्रीमंती हे पहिल्यांदाच वाचलं.

---

बखरवाचक | शनिवार, दुपारी ३:०५

उत्तम धागा. कासिमबाजारचं नाव वाचल्यावर राहवलं नाही, म्हणून थोडी भर घालतो.

साइक्स बंगालला पोचला तो काळ १७५० च्या आसपासचा. त्याच्या आधीची दहा वर्षं त्या भागानं काय सोसलं होतं, हे आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवायला हवं. १७४१-४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या माणसांनी मुर्शिदाबादेवर झडप घातली, तिथला बडा सावकार जगतशेठ याची पेढी लुटली. आपल्या इतिहासात ही चौथाईची मोहीम आहे. बंगाल्यांच्या तोंडी मात्र ती 'बर्गी' म्हणून राहिली, अजूनही मुलांना निजवताना तिथल्या आया बर्गी आल्याचं गातात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. कलकत्त्याच्या इंग्रजांनी तर या धास्तीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याला 'मराठा डिच' म्हणत.

१७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान यानं वर्षाला १२ लाख रुपये चौथाई द्यायचं कबूल केलं, ओरिसाचा महसूल सोडला, तेव्हा हे थांबलं. म्हणजे साइक्स ज्या बंगालमध्ये पाय ठेवतो, तो आधीच सोलपटून निघालेला होता. नवाबाची तिजोरी रिकामी, विणकर आणि शेतकरी गाव सोडून पळालेले. कंपनीनं बंगाल गिळला, त्याला हेही एक कारण होतं. आपल्या पूर्वजांबद्दल मला अभिमान आहे, पण बंगालमधलं हे पान वाचताना मान खाली जाते, हेही इथे मोकळेपणानं लिहितो.

---

पागोळी | शनिवार, दुपारी ४:३०

बखरवाचक काका, मनापासून आभार. मी हे दोन धागे कधी जोडून पाहिलेच नव्हते. शाळेत चौथाई शिकले आणि प्लासी शिकले, पण दोन्ही एकाच पेठेच्या दारात घडलं हे आज कळलं.

---

शुभ्रा_गरियाहाट | शनिवार, रात्री ९:१५

मी लग्नानंतर चौदा वर्षं कोलकात्यात आहे. कासिमबाजारला दोनदा गेले आहे. या गोष्टीचं दुसरं टोक तिथे आहे.

साइक्सचा सगळा व्यवहार बघणारा एक बंगाली बनिया होता, कृष्णकांत नंदी. इंग्रजांच्या कागदांत 'कांतू बाबू'. बनिया म्हणजे आपल्याकडच्या दिवाणजी, सावकार आणि दुभाषा यांचं मिश्रण समजा. साहेबाला भाषा येत नाही, बाजार कळत नाही, खाजगी व्यापार उघड स्वतःच्या नावावर करणं अडचणीचं, मग हे सगळं बनियाच्या हातून व्हायचं. साइक्स परत गेल्यावर हाच कांतू बाबू हेस्टिंग्जचा बनिया झाला आणि त्यानं पुढे कासिमबाजारच्या राजघराण्याचा पाया घातला. त्यांच्या वाड्यात कोरीव दगडी खांबांचं एक दालन आहे. बनारसचा राजा चेतसिंग याला हेस्टिंग्जनं पदच्युत केलं, त्यानंतर त्याच्या महालातून ते आणलं गेलं, असं तिथे सांगतात.

मी त्या खांबांवरून हात फिरवला आहे. वाळूच्या दगडाची नक्षी काही ठिकाणी इतकी पातळ झाली आहे की पाकळ्यांच्या कडा बोटाला लागतच नाहीत. पागोळी, तुझं वर्णन वाचताना वाटलं, एकाच पैशाची दोन घरं आहेत ही. एक थेम्सकाठी, एक भागीरथीच्या जुन्या पात्राकाठी. दोन्हीत दुसऱ्याच्या घरातून आणलेलं सामान आहे.

---

पागोळी | रविवार, सकाळी ९:५०

शुभ्राताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थबकले, कारण आज मी लिहिणार आहे ते नेमकं त्याबद्दलच आहे.

तर १९२९. जहागीर घेतली एडवर्ड इलिफ यांनी, वर्तमानपत्रांचे मालक होते. त्यांना जमीन हवी होती, घर नको होतं. घर आणि भोवतालची बाग त्यांनी जॉर्ज फर्डिनांडो नावाच्या मालमत्तेच्या व्यापाऱ्याला विकली. फर्डिनांडोची कल्पना अशी, की अख्खं घर दगडन् दगड सुटं करायचं, जहाजात भरायचं आणि अमेरिकेत नेऊन पुन्हा उभं करायचं. किंमत दहा लाख डॉलर. आपल्या राज्याला संग्रहालय किंवा कॉलेजची लायब्ररी भेट देऊ इच्छिणाऱ्या देशभक्त अमेरिकन माणसासाठी ही उत्तम संधी आहे, अशी जाहिरातही छापली होती. पण वर्ष कुठलं होतं ते बघा. अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि गिऱ्हाईकच उरलं नाही.

मग घर तुकड्यातुकड्यांनी गेलं. जेवणघराच्या भिंतींवरची आणि छतावरची चित्रं, नक्षी, सगळं उतरवून न्यूयॉर्कला गेलं आणि तिथल्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात बसवलं गेलं. त्या हॉटेलातल्या दालनाला नावही दिलं 'बॅझिल्डन रूम'. दारं गेली, शेकोट्यांच्या चौकटी गेल्या. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं घर ताब्यात घेतलं. बागेत रणगाड्यांचा सराव, घरात सैनिक, नंतर युद्धकैदी. युद्ध संपलं तेव्हा एकही खिडकी धड नव्हती, बहुतेकांना पुठ्ठा नाहीतर प्लायवूड ठोकलेलं. वरच्या मजल्यावरून गळलेल्या पाण्याचं लायब्ररीत तळं साचलेलं.

अशा घरावर कुणी प्रेम करेल? केलं. त्याच इलिफ यांच्या मुलानं, लॅंग्टन इलिफनं, आणि त्याची बायको रेने हिनं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या दोघांनी ते पडकं घर विकत घेतलं. इंग्लंडात तेव्हा रेशनिंग अजून उठलं नव्हतं. आजूबाजूला असली घरं पाडली जात होती आणि हे दोघं एक उभं करायला निघाले.

आता ती दारांची गोष्ट. मला सगळ्यांत आवडलेली. लिंकनशायरमध्ये पॅंटन हॉल नावाचं एक घर होतं, तेही जॉन कारच्याच हातचं, आणि ते मोडीत निघणार होतं. इलिफ दांपत्यानं तिथली महोगनीची दारं आणि शेकोट्यांच्या चौकटी आणल्या. बॅझिल्डनमध्ये जिथून जुनी दारं उपटून नेली होती त्या रिकाम्या जागांत ती ठेवली, आणि ती जशीच्या तशी बसली. तासावी लागली नाहीत, पट्टी जोडावी लागली नाही. कारचं मापच तसं होतं. कुठे लिंकनशायर, कुठे बर्कशायर, आणि पावणेदोनशे वर्षांनी एका घराचं दार दुसऱ्याच्या चौकटीत बरोबर बसतं! मी त्या दारासमोर किती वेळ उभी होते. दाराची कड आणि चौकट यांच्यात नख जाईल एवढीच फट, वरपासून खालपर्यंत सारखी.

बाकीचं रेनेबाईंनी लिलावांतून जमवलं. एका निजायच्या खोलीत ससेक्समधल्या ॲशबर्नहॅम प्लेसहून आणलेला लाल पलंग आहे, पडद्यांसकट. तेही घर मोडीत निघालेलं. अष्टकोनी खोलीच्या भिंतींना त्यांनी लाल फेल्ट लावलं. उंची रेशीम नाही, साधं फेल्ट, म्हणजे लोकर दाबून केलेलं कापड, आणि ते फार सुरेख दिसतं. कॉव्हेंट्री शहराशी या घराण्याचा वर्तमानपत्रामुळे संबंध, म्हणून ग्रॅहम सदरलंड यांनी कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलमधल्या भिंतीवरच्या भव्य विणलेल्या चित्रासाठी केलेले कच्चे आराखडेही इथे आहेत. जेवणघराची चित्रं मात्र न्यूयॉर्कहून परत आली नाहीत, तिथे नंतर पुन्हा रंगवून घेतलेलं काम आहे.

१९७८ मध्ये इलिफ दांपत्यानं हे घर, बाग आणि सांभाळायला लागणारा पैसा असं सगळं नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, दिलं. त्यांना मूल नव्हतं. कायद्यानं ट्रस्ट आज घराचा धनी आहे.

---

हिशेबनीस | रविवार, सकाळी ११:२०

फार सुंदर लिहिलंय. मी इथे यूकेमध्ये करांचं काम करतो, म्हणून ही घरं पाडायची वेळ का आली त्याबद्दल थोडं.

मुळात ही घरं शेतीच्या खंडावर चालायची. १८७० च्या दशकापासून अमेरिकेचा स्वस्त गहू आला, खंड घसरले. १८९४ मध्ये मृत्यूनंतरच्या इस्टेटीवर नव्यानं कर बसला. सुरुवातीला वरचा दर ८ टक्के होता. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये सर्वांत मोठ्या इस्टेटींवर तो ४० टक्क्यांवर गेला. आता कल्पना करा: वडील घरी वारले, कर भरला, आणि थोरला मुलगा फ्रान्समधल्या खंदकात गेला. एका पिढीत दोनदा भरणा. शिवाय युद्धानंतर नोकरमाणसं मिळेनात. वीस खोल्या झाडायला, शेकोट्या पेटवायला हात लागतात. विसाव्या शतकात अशी हजाराहून जास्त घरं पाडली गेली. १९५५ च्या सुमारास तर दर पाच दिवसांना एक जात होतं. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये या पाडलेल्या घरांवर मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा कुठे सर्वसामान्य लोकांना आकडा कळला.

१९३७ मध्ये कायदा बदलला आणि ट्रस्टला घर देऊन टाकून मालकाला त्यात राहता येईल अशी सोय झाली. पण ट्रस्ट नुसतं घर घेत नाही. सोबत निधी लागतो, कारण छपराचा खर्च कुणाला चुकत नाही. इलिफ दांपत्यानं तो दिला, म्हणून हे घर तरलं.

---

दगडी_चिरा | रविवार, दुपारी २:००

बंगालच्या नबाबांबद्दल खूप लिहिलं जातं, मुंबई-पुण्याच्या साहेबांची घरं मात्र कुणाला ठाऊक नसतात. दोन सांगतो.

विल्यम हॉर्नबी. १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर. हॉर्नबी वेलार्ड आपल्याला माहीतच आहे, महालक्ष्मी ते वरळी मधली खाडी बुजवणारा बांध. १७७९ चा वडगावचा तह नाकारणारा मुंबईचा कारभारही त्याचाच. इंग्लंडला गेल्यावर त्यानं हॅम्पशायरमध्ये, समुद्राजवळ हूक हाऊस बांधलं. ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट हाऊसच्या धर्तीवर होतं असं सांगतात. पुढे ते आगीत गेलं.

दुसरा चार्ल्स मॅलेट, पेशव्यांच्या दरबारातला वकील. पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावर राहायचा. सवाई माधवरावांच्या परवानगीनं शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली ती त्याच्याच खटपटीनं. जेम्स वेल्स हा चित्रकार तिथे शिकवायचा, आणि गंगाराम तांबट हे आपले चित्रकार त्याच वेळचे, वेरूळची लेणी कागदावर उतरवणारे. मॅलेट इंग्लंडला परतला, वेल्सच्या मुलीशी लग्न केलं आणि १८०३ मध्ये विल्टशायरमधलं विल्बरी हाऊस विकत घेतलं. हे घर १७१० च्या सुमारासचं, इंग्लंडमधल्या पॅलेडियन शैलीच्या (इटालियन वास्तुकार पॅलाडिओच्या धर्तीच्या) पुनरुज्जीवनातलं अगदी पहिलं म्हणून नावाजलेलं. पेशव्यांच्या दरबाराचं ते प्रसिद्ध भव्य तैलचित्र, वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये पुरं केलेलं, ते मॅलेटसाठीच. गंगाराम तांबटांच्या नावाचा मात्र कुठे दिवाणखाना नाही. त्यांची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

---

अनघड | रविवार, सायंकाळी ६:४५

धागा माहितीपूर्ण आहे, वादच नाही. पण एक प्रामाणिक शंका. अडीचशे वर्षांपूर्वीचा पैसा कुठून आला हे आता उगाळून काय मिळणार? इलिफ बाईंनी बंगालमध्ये काही केलं नव्हतं. तिनं स्वतःच्या हातांनी घर वाचवलं. बघायला जाणाऱ्यानं तिची मेहनत बघावी, वास्तुकला बघावी. आपण भारतीय म्हणून प्रत्येक इंग्रजी घराच्या तळघरात आपली तिजोरी शोधत बसलो, तर त्या घराचं सौंदर्य दिसायचंच नाही.

---

पागोळी | रविवार, रात्री १०:३०

अनघड, शंका मनापासून विचारलीत, म्हणून मनापासूनच उत्तर देते.

रेनेबाईंबद्दल मला खरोखर आदर आहे. त्यांनी घर उभं केलं नसतं तर कारचं हे काम आज फक्त आराखड्यांत राहिलं असतं. दारांबद्दल मी इतकं लिहिलं ते त्याच आदरापोटी. पण आईबरोबर गेले होते तेव्हा काय झालं ते सांगते. खोल्याखोल्यांतून फिरताना दारं कुठून आली, पलंग कुठून आला, पडदे कुठून आले, चित्रं कुठे गेली, हे सगळं आम्हाला प्रेमानं सांगितलं. एकेक बिजागरीचा प्रवास सांगितला. साइक्सबद्दल ऐकलं ते एवढंच, की त्यानं भारतात पैसा मिळवला. 'मिळवला' हे क्रियापद ऐकून आई माझ्याकडे बघायला लागली. ती चाळीस वर्षं शिक्षिका होती, क्रियापदं तिच्या कानाला लागतात.

दाराचा प्रवास सांगता, तर पैशाचाही सांगा, एवढंच माझं म्हणणं आहे. सौंदर्य त्यानं कमी होत नाही. उलट साइक्सचं घर अर्धवट का राहिलं, तो एवढा घाईनं जमीन, किताब आणि ब्रिटिश पार्लमेंटमधली जागा विकत घेत का सुटला, हे मुर्शिदाबादचा दरबार कळल्याशिवाय कळतच नाही. त्याला पैशाचं घर करायचं नव्हतं, घराणं करायचं होतं. ते तिसऱ्या पिढीत संपलं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे वासे राहिले आणि घराणं फिरलं.

आणि हे फक्त आपण भारतीय म्हणत नाही. २०२० मध्ये खुद्द नॅशनल ट्रस्टनं आपल्या ताब्यातल्या जागांचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध तपासून अहवाल काढला. त्यात ९३ जागा आहेत, बॅझिल्डन त्यातली एक. त्या अहवालावरून इथे फार मोठी ओरड झाली, वर्तमानपत्रांतून, संसदेतून. ज्या संशोधकांनी ते काम केलं त्यांना खूप सोसावं लागलं. त्यांनी नवीन काहीच रचलं नव्हतं, कंपनीच्याच वह्या उघडल्या होत्या. मला त्या लोकांचं ऋण वाटतं.

बखरवाचक काकांनी बर्गींबद्दल ज्या प्रांजळपणे लिहिलं, त्याच प्रांजळपणाची अपेक्षा मी या घराकडून ठेवते. आपण आपलं पान उघडू शकतो, तर त्यांनाही जमेल.

---

अनघड | रविवार, रात्री ११:१०

'मिळवला' या क्रियापदाचा मुद्दा पटला. त्या अंगानं विचार केला नव्हता. आईंना नमस्कार सांगा.

---

शुभ्रा_गरियाहाट | सोमवार, सकाळी ८:२०

पागोळी, पुढच्या डिसेंबरात आई भारतात असेल तर दोघी इकडे या. मुर्शिदाबाद आणि कासिमबाजार मी दाखवीन. हावड्याहून किंवा सियालदाहून बहरमपूरला उतरायचं. थंडीत नदीकाठी छान वाटतं, आणि रेशमाचे माग अजून चालतात आजूबाजूच्या गावांत.

---

कोकणकडा | सोमवार, दुपारी १२:०५

मी मे महिन्यात लंडनला मुलीकडे जाणार आहे. एका दिवसात बघून होईल का? कसं जायचं?

---

पागोळी | सोमवार, सायंकाळी ७:४०

आरामात होईल. पॅडिंग्टनहून रीडिंगला यायचं, तिथून ऑक्सफर्डच्या बाजूची थांबत जाणारी गाडी धरून पॅंगबोर्नला उतरायचं. घर तिथून चार-एक किलोमीटर, टॅक्सी करा, कारण रस्ता अरुंद आणि चढाचा आहे. हा लोहमार्ग ब्रुनेलचा. पॅंगबोर्नच्या पुढे त्याचा विटांचा पूल थेम्स ओलांडतो, त्याचं काम चालू होतं तेव्हाच मॉरिसननं हे घर घेतलं. वेळ असेल तर एक स्टेशन पुढे गोरिंगपर्यंत जाऊन या, पूल लागेल.

मे महिन्यात झाडीला नवी पालवी असते. आत गेल्यावर आधी अष्टकोनी खोलीत जा, सकाळी तिथे गर्दी नसते. मधल्या खिडकीपाशी उभं राहिलं की खाली खोरं दिसतं. जेवणघरात छताकडे बघा आणि मूळचं न्यूयॉर्कला गेलं हे आठवा. दारांना हात लावू देत नाहीत, पण कडेनं वाकून ती फट बघता येते.

शुभ्राताई, आईशी बोलले. तिकिटं काढतोय. तिला आधी ते चेतसिंगाचे खांब बघायचे आहेत.